नवरदेवासकट बोरिवलीची भजी

आम्ही तिघं अंधेरीला एकाच चाळीत वाढलो. मी कारकून. दुसरा मालवणी, गिरणीच्या ऑफिसात होता आणि जागेपणी कायम भुकेला असायचा. तिसऱ्याच्या मामाकडे मोटार होती, एवढीच त्याची लायकी. पण त्या काळात तेवढी पुरायची.

पन्नास-बावन्नच्या सुमारातला एक रविवार. दुपारचं जेवण होऊन तासही झाला नव्हता, तोच मालवणी म्हणाला, "बोरिवली स्टेशनाभायर एक भजीवालो बसता. बटाट्याची भजी अशी करता, कागदासारकी. जावया काय रे?"

"आत्ता?"

"मगे काय मेल्यार?"

मामा दुपारचे झोपले होते. भाच्यानं खुंटीवरची किल्ली काढली आणि आम्ही निघालो.

मोटारीला दोन खोडी होत्या. एक, ती मागे जात नसे. दुसरी, डावीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजे आणि चाकं सरळ होईपर्यंत थांबत नसे. भाचा म्हणे, "पुढे जायचंय ना? मग मागची काळजी कशाला?"

मालाडला ती काळजी करायची वेळ आली. शेंगदाणे भाजल्याचा वास आला म्हणून मालवण्यानं "डावीकडे, डावीकडे!" असा आरडाओरडा केला. भाच्यानं वळवली. हॉर्न बोंबलायला लागला आणि आम्ही वाजतगाजत एका अरुंद गल्लीत शिरलो. समोर मांडव, बँडवाले, नटलेल्या बायका. फेटा बांधलेले एक जाडजूड काका दोन्ही हात वर करून धावत आले.

"आलात का एकदाचे! किती वाट बघायची?"

"अहो, आम्ही ते नव्हेत," मी म्हणालो. पण काकांनी बॉनेटवर झेंडूची माळ टाकलीसुद्धा. मागे जाता येत नव्हतं, पुढे लोक. दोन मिनिटांत मागचं दार उघडलं आणि मुंडावळ्या बांधलेला नवरदेव माझ्या शेजारी येऊन बसला. त्याच्या मागोमाग त्याची मोठी बहीण, करवली म्हणून. हातात पेटलेला दिवा.

"कांदिवली, मुलीकडे. गोरज मुहूर्त आहे," काका खिडकीतून ओरडले. "आम्ही बँडबरोबर चालत येतो. तुम्ही हळूहळू पुढे व्हा."

गल्ली दुसऱ्या टोकाला घोडबंदर रस्त्याला मिळत होती म्हणून सुटलो. रस्त्याला लागल्यावर मी नवरदेवाला खरं काय ते सांगितलं. मला वाटलं, बिचारा घाबरेल. पण त्यानं फक्त विचारलं, "भजी कसली?"

"बटाट्याची," मालवणी पुढच्या सीटवरून हळूच म्हणाला.

नवरदेवानं आवंढा गिळला. सकाळपासून त्याच्या पोटात चहाखेरीज काही नव्हतं. लग्न लागेपर्यंत उपास.

करवलीनं पदराआड दिवा सांभाळत विचार केला. "उपासाला बटाटा चालतो," ती म्हणाली.

"ताई, पण बेसन?"

"बेसन बाहेरून असतं रे. आत बटाटाच आहे ना?"

भाच्यानं मोटार सरळ बोरिवलीच्या दिशेनं सोडली. कांदिवली आली आणि गेली. मुलीकडचा मांडव मी डोळ्यांनी पाहिला. दारातल्या सनईवाल्यानं आम्हाला पाहून सनई तोंडाला लावली, आणि आम्ही पुढे निघून गेल्यावर तशीच धरून उभा राहिला.

बोरिवलीचा भजीवाला कढईवर वाकलेला होता. त्यानं मान वर करून बघितलं तर समोर जरीचा कोट, मुंडावळ्या आणि हातात दिवा घेतलेली बाई. त्यानं आधी दिव्याला नमस्कार केला. मग पहिला घाणा नवरदेवासमोर ठेवला. आम्ही इतरांनीही काही कमी खाल्लं नाही. पण तो नवरदेव! मुंडावळ्या सारख्या चटणीत बुडत होत्या, म्हणून शेवटी मालवणी त्या दोन्ही हातांनी वर धरून उभा राहिला. "खा रे बाबा. पुढे कसला खाणा मिळतला, कोण जाणे."

परत कांदिवलीला पोचलो तेव्हा बँड मांडवात होता आणि काका रस्त्यात. ठरलेली मोटारही मागाहून आली होती. काका तिच्याकडे बघत, आमच्याकडे बघत.

"कुठे होतात?"

"देवीला," करवली म्हणाली. "नवस होता."

काकांनी नवरदेवाजवळ येऊन वास घेतला. "देवीला बेसनाचा नैवेद्य?"

पण मुहूर्त आला होता. आम्हाला पळून जायचं होतं, पण मुलीच्या वडिलांनी मुलाकडचे म्हणून हाताला धरून पुढे बसवलं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरदेवाला उचकी लागली. भटजी "सावधान" म्हणत आणि लगेच उचकी. सगळे अक्षता टाकत. तिसऱ्या खेपेला काही मंडळींनी नुसत्या उचकीवरच अक्षता टाकल्या. माझ्या पोटात हसू मावेना. भाच्यानं रुमाल तोंडात कोंबला होता.

अंतरपाट दूर झाला. नवरीनं हार घातला, जरा पुढे वाकली आणि तिचं नाक हललं.

"बोरिवलीची?" तिनं विचारलं.

नवरदेवानं मान हलवली.

"आणि मला?"

कुणा नवरदेवाची अशी वाट लागलेली मी पुन्हा कधी पाहिली नाही. तो करवलीकडे बघतोय, करवली आमच्याकडे बघतेय.

जेवणावळ आटोपून वरात निघाली ती मालाडकडे जायच्या ऐवजी उलटी, बोरिवलीकडे. नवरानवरी आमच्या मोटारीत, काका आणि थोरल्या बायका मागच्या मोटारीत. "देवीला जोडीनं जायला हवं," एवढंच करवलीनं सांगितलं होतं.

भजीवाल्याचे बटाटे संपले होते. राहिल्या होत्या फक्त मिरच्या. नवरी म्हणाली, चालेल. तिनं मोटारीत बसूनच एक खाल्ली, दुसरी खाल्ली. तिसऱ्या मिरचीला तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पण हात काही थांबेना.

तेवढ्यात मागच्या मोटारीतून एक म्हातारी आत्याबाई उतरून आल्या. त्यांनी खिडकीतून ते रडणं पाहिलं आणि त्यांचेही डोळे भरून आले. नवरीच्या डोक्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "रड बाळा, रड. माहेर सुटताना असंच होतं."

नवरीनं तोंड भरलेलं असल्यामुळे नुसती मान डोलावली.