पाण्यात गाडी सुरू केली होती का?

विम्याच्या सर्व्हेअरला लोक चहाबरोबर किस्सेही देतात. चहा पचतो, किस्से साचत जातात. नव्वदच्या दशकापासून मी नाशकात बुडालेल्या, चेपलेल्या गाड्या बघत हिंडलो. गाड्यांचे नंबर विसरलो, माणसं राहिली.

*

पंचवटीतले एक मास्तर. वादळात गुलमोहर पडून त्यांच्या गाडीचा टप चेपला. पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तरच भरपाई.

"म्हणजे मी गाडी झाडावर घातली असती तर?"

"झाडाच्या मालकाला मिळाले असते."

मास्तर गुलमोहराकडे बघत राहिले. "झाडही माझंच आहे हो!"

*

दिंडोरीला गारांनी एका बागायतदाराची गाडी चेपली. विमा पूर्ण, क्लेम सरळ. मी बॉनेटवरचे पोचे बघायला वाकलो, तर काकांनी हाताला धरून द्राक्षबागेत नेलं. घड मातीत पडले होते.

"काका, बागेचा विमा माझ्याकडे नसतो."

"म्हाईत हाय. पण बघायलाच आलाय ना? मग हे बी बघून जा."

अख्खी बाग फिरलो. फार वाईट वाटलं. माझ्या रिपोर्टात बागेला रकाना नव्हता.

*

बुडालेली गाडी सुरू करायची नाही. आत पाणी असताना चावी फिरवली की इंजिन जातं, आणि ते नुकसान कंपनी देत नाही. पूर निसर्गाचा, चावी तुमची.

सराफ बाजारातल्या एका शेठना मी हे फोनवर बजावलं. पोचलो तर गाडी धुतलेली, बॉनेटवर स्वस्तिक, चाकापाशी फोडलेला नारळ, आणि इंजिन गेलेलं.

"तुम्ही पहिल्यांदा घरी येणार. म्हटलं, गाडी चालू तरी दिसावी!"

*

आणि बाळू. वणीला भाविकांची ने-आण करायचा, टॅक्सीवरच घर चालायचं. गोदेच्या पुरात इंजिन गेलं. क्लेम नाकारला तर धंदा बंद, आणि चावीचा नियम त्याला गॅरेजवाल्यानं आधीच सांगितला होता.

गल्लीत शिरतानाच मला शेजाऱ्यांकडून सगळी हकिगत कळली होती. पुराच्या दिवशी शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या, रिक्षावाले यायला तयार नव्हते. बाळूनं पाण्यात उभी गाडी सुरू करून तिला दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेलं, तिथं गाडी बंद पडली.

तरी मी विचारलं, "पाण्यात सुरू केली होती का? की उभ्या उभ्याच बुडाली? नीट आठवून सांग."

समोरच्या ओट्यावर ती सून तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली होती. बाळूनं तिकडं बघितलं.

"केली होती, साहेब. लिहा. नाय म्हणलो, तर हे पोरगं दवाखान्यात कसं पोचलं म्हणायचं?"