बांगड्या काढून आत या

एका जागी स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. निजामाविरुद्धच्या पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या वर्षांत मी औरंगाबादच्या एका दवाखान्यात बाळंतपणाचं काम शिकले आणि पुढे तेच शिकवायला लागले. तेव्हा ती भिंगरी जास्तच फिरायला लागली. कारण शिकायला बायका मिळत नव्हत्या, आणि मिळाल्या तर टिकत नव्हत्या.

येत त्या बहुतेक माझ्यासारख्या, विधवा. नवरा गेला, माहेरी किती दिवस राहणार, म्हणून मी या कामात शिरले होते. आम्ही शिकून खेड्यावर जायचो आणि गरोदर बाईच्या दारात उभं राहिलो की घरची माणसं तोंड फिरवायची. असल्या शुभ वेळेला मोकळ्या कपाळाची बाई कशाला? मग शिकून तयार झालेल्या बायका नुसत्या बसून राहायच्या आणि कंटाळून घरी निघून जायच्या. मला त्या लोकांचा असा संताप यायचा! पण संतापून कुणाचं दार उघडत नव्हतं. मेट्रनबाईंनी शेवटी सांगून टाकलं, "एखादी तरी सवाष्ण आणा, नाहीतर हा वर्ग बंद होईल."

टांगा करून मी हर्सूलपर्यंत दारं पालथी घातली. एका शेतकरी घरातली सून मिळाली. सातवी शिकलेली, हाताला चलाख, आणि माझ्या आवाजाला न भिणारी. नवरा राजी होता. सासू कुरकुरत का होईना, हो म्हणाली. ही एक टिकली की तिच्याकडे बघून आणखी दोघी-तिघी येतील, असं मी मनात पक्कं धरून चालले होते.

लेबर रूममध्ये कोपरापर्यंत हात घासून धुवावे लागतात, तिथे बांगड्या चालत नाहीत. हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिनं ते घरी सांगितलं थेट लेबर रूमची पाळी लागायच्या आदल्या संध्याकाळी. सकाळी ती आलीच नाही.

मी व्हरांड्यात येरझारा घालायला लागले. फाटकापर्यंत जायचं, रस्ता बघायचा, परत यायचं. हातात घेतलेला चहा तसाच निवला. मेट्रनबाई म्हणाल्या, "फरशी झिजेल हो." मला हसू आलं नाही.

उन्हं चढल्यावर दोघी आल्या. सासू पुढं, सून खाली मान घालून मागं. फाटकातूनच सासू कडाडली, "माझा लेक जित्ता हाय! त्याच्या बायकूचे हात मोकळे करणाऱ्या तुमी कोण?"

मीही काही गरीब गाय नव्हते. "मावशी, बांगडीखाली घाण राहते. ती बाळंतिणीच्या अंगात गेली की ताप भरतो, बाई हातची जाते," वगैरे सगळं मी तावातावानं ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं आणि आपले दोन्ही हात माझ्यापुढं धरले. उन्हानं रापलेले, मनगटं उघडी.

"हे बघा. माझ्या फोडल्या तवा पोरगं रांगत व्हतं. तिचे हात असे मला नाय बघवत, बाई."

माझेही हात तसेच होते. ते कुणाला बघवत नसतील, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला एकदम रडू आलं आणि मी ते रागानं गिळलं.

आतून एका बाईचं कण्हणं ऐकू आलं. सासूनं तिकडं पाहिलं. सुनेकडं पाहिलं. "भाईर आल्यावर घालायच्या ना परत?"

"लगेच."

"मग माझ्यासमोर काढा. आन् माझ्या वटीत द्या. भुईवर ठिवायच्या नाय."

कासारानं भरलेल्या घट्ट बांगड्या त्या. साबण लावून मी एकेक सरकवायला लागले. एक जरी फुटली असती तरी सासू सुनेला घेऊन आल्या पावली परत गेली असती. मी श्वास धरून काढत होते. सगळ्या शाबूत निघाल्या.

दुपारी त्या बाईला मुलगी झाली. मी शेजारी उभी होते, पण झेललं तिला सुनेनंच. मी चार वेळा तरी बाहेर डोकावले असेन. पदरात बांगड्या घेऊन सासू तशीच बसलेली, कुणी उचलून नेईल की काय अशी.

सून बाहेर आली आणि तिनं धुतलेले हात पुढं केले. सासूनं पदर उघडला, पण बांगड्यांना हात लावला नाही. सवाष्णीच्या हातात विधवेनं बांगड्या घालायच्या नसतात. इतक्या घट्ट बांगड्या सुनेला एकटीला चढवता येण्यासारख्याही नव्हत्या. ती इकडंतिकडं बघत राहिली. व्हरांड्यात आम्हा तिघींशिवाय कुणी नव्हतं. घाईघाईत मी एक बांगडी उचलली आणि उचलल्यावर मला माझं भान आलं. ती परत पदरात ठेवायला लागले.

"आता का थांबल्या? घाला की," सासू म्हणाली.

"मी, मावशी?"

"मग काय म्या? माझे हात दिसभर शेणात असत्यात." असं म्हणून तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी सुनेचा हात हातात घेतला. नवरा गेल्यापासून मी बांगडीला शिवले नव्हते. बांगडी अशी घाईनं ढकलायला लागले की शेवटी सूनच हळूच म्हणाली, "सावकाश, बाई."

शेवटची चढेपर्यंत सासूनं वळून पाहिलं नाही. मग उठली, पदर झटकला आणि सुनेला म्हणाली, "उद्या बिगीनं निघू. बाईंना वाट बघाया लावायची नाय."