दादाच्या पिंडाला कावळा शिवला नाही

सगळ्यांच्या आधी आली ती वसईची लुसी, केक घेऊन. आज शुक्रवारची सुट्टी, म्हणून इथे आखातात, बौशरला आमच्या घरी सुनेच्या मैत्रिणी पुस्तक वाचायला जमल्या. मी तर खूश! घरात माणसं आली की माझे गुडघेसुद्धा दुखायचे थांबतात.

पुस्तक इंग्रजी, म्हणून सून मला मराठीत सांगत होती. अमेरिकेतल्या शहरातले चार काळे मित्र, पुरुषांवरच प्रेम करणारे. त्यांच्या जुन्या वस्तीत टॉवर येतात, एकेकाचं घर जातं. त्यातला एक मरतो, तर घरचे अंत्यविधीला त्याच्या मित्रांना मागे बसवतात.

"काय गं बाई! सगळ्यांत जवळचे तेच ना?" लुसी म्हणाली.

मला माझा थोरला भाऊ, दादा आठवला. लालबागच्या चाळीत गणपत वीस वर्षं त्याच्याबरोबर राहिला. दादा गेला तेव्हा गावी दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आईला सांभाळू म्हटलं, शेत विकणार नाही म्हटलं. 'गणपतला बघू' एवढं मात्र कुणी म्हटलं नाही. तो लांब उभा होता. मला कळत होतं, तरी मी गप्प बसले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

आता ती चाळही पाडली. गणपतचा पत्ता कुणाला विचारू?

बायांनो, तुम्ही बोलला असतात का हो?

त्या निघाल्या तेव्हा मी सगळ्यांना "परत या गं" म्हटलं. गणपतला त्या दिवशी तेवढंही म्हटलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी येतो म्हणाल्या.