बूट गाडीतून गेले, मी पायी

"गाडीत बस! म्हाताऱ्या बायकांबरोबर!" फोरमन ओरडत होता. फ्रान्समधल्या एका छोट्या शहराच्या चौकात, रविवारी सकाळी, इतक्या मोठ्यानं की मनोऱ्यावरची कबुतरं उडाली ती थेट स्वित्झर्लंडला गेली.

"नाही बसत!" मीही ओरडलो. मुलुंडच्या चाळीत या टोकाहून त्या टोकाला गप्पा मारून माझा गळा तयार झालेला. उरलीसुरली कबुतरंही गेली.

शहराचं नाव सांगत नाही. त्यातली निम्मी अक्षरं उच्चारायचीच नसतात, मग लिहायची तरी कशाला? स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. मुलुंडच्या आमच्या कारखान्यानं गिअर कापायचं यंत्र तिथून मागवलं होतं आणि ते चालवायला शिकून ये म्हणून मला बोटीत बसवून दिलं होतं. तीन महिन्यांतले सहा आठवडे संपले, तरी फोरमननं यंत्राला बोट लावू दिलं नव्हतं. लग्नात आचाऱ्याच्या मागे एखादे काका उभे असतात ना, तसा मी नुसता उभा.

"नाजूक आहेस," तो म्हणायचा. "कोसळशील तो माझ्या यंत्रात." त्याचं इंग्रजी युद्धात इंग्रज शिपायांकडून उचललेलं, म्हणजे बहुतेक शिव्याच, माझं शाळेतलं, त्यात शिवी एक नाही. दोघांचं मिळून भागायचं. पण असाच कोरडा परतलो असतो, तर मुलुंडला यंत्राची पेटी उघडून मी काय आरती केली असती?

तर त्या रविवारी कारखान्याची मंडळी डोंगरावरच्या त्यांच्या देवळात पायी निघालेली. माझी घरमालकीण, वय सत्तर, जेवणाच्या टोपल्या आणि तीन म्हाताऱ्या आपल्या मोटारीत घालून गाडीरस्त्यानं जाणार. फोरमनच्या हिशेबात चौथी म्हातारी मी.

"चढेन आणि उतरेनही," मी म्हणालो. "मग सोमवारी यंत्राला हात लावणार."

"वाटेत एकदा जरी गाडीत बसलास, तर परत जाईपर्यंत हात खिशात."

"कबूल!"

मला डोंगर शिकवतो! आमच्या घरामागेच डोंगर. लहानपणी करवंदं काढायला जायचो तेव्हा वाघ बाजूला सरून चांगली जाळी दाखवायचा. महाशिवरात्रीला जंगलातून कान्हेरीपर्यंत चालत जायचो, येताना वडिलांना खांद्यावर घेऊन. द्राक्षांचे मळे, दगडी कुंपणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई सगळं मागे टाकून मी वर पोचलो, त्यानंतर दोन तासांनी फोरमन आला. बरं, दहा मिनिटांनी.

देवळाच्या पायरीशी हात आपोआप बुटांच्या नाड्यांकडे गेला. देव कुणाचा का असेना, बूट घालून आत कसं जायचं? ते सगळे तसेच गेले. मी काढले, पायरीखाली जोडीनं ठेवले, आत हात जोडून यंत्र मागितलं. बाहेर आलो तर बूट गायब! क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं.

पण चोर नव्हता. फोरमन मिशीत हसत म्हणाला, "तुझ्या घरमालकिणीनं नेले. पोराला बूट चावले, दमलं बिचारं, असं समजून गाडीत टाकले. बायकांना खाली नदीकाठी, जेवणाच्या जागी सोडून ती तुला न्यायला येतेय. बस इथंच."

"बूट बसले गाडीत," मी म्हणालो. "मी नाही."

आणि निघालो अनवाणी, मागोमाग फोरमन आणि मंडळी. दिवस चेस्टनट गळण्याचे. प्रत्येक फळाला साळिंदराचं कवच, आणि त्या जिल्ह्यातली सगळी फळं त्याच पायवाटेवर पडलेली. माझ्या टाचेत काटे मोडत होते म्हणून बरं, नाहीतर टाच मोडली असती.

अर्ध्या उतारावर पायवाट गाडीरस्त्याला भेटते. तिथं घरमालकीण गाडीचं दार उघडून उभी. "चढ रे पोरा!"

"बूट?"

बूट खाली, टोपल्यांपाशी राहिलेले. आत मऊ गादी, घोंगडी. खोटं मी नेहमी सांगतो, पण हे खरं आहे: पाय थांबले. फोरमन नुसता माझ्या हातांकडे बघत राहिला.

मी दार लावलं. जरा जोरातच.

त्यापुढे मी रडलो. पण मराठीत रडलो, त्यामुळे कुणाला कळलं नाही. शिव्याही मराठीत दिल्या: डोंगराला, चेस्टनटला, फोरमनच्या मिशीला. सगळ्यांना वाटलं, आमच्याकडचं भजन आहे. एक-दोघं मागून सूरही धरू लागले.

नदीकाठी घरमालकीण माझे बूट छातीशी धरून माफी मागत होती. मी तिच्या हातून ते घेतले नाहीत. रक्ताळलेला पाय उचलून फोरमनच्या डब्याशेजारी दगडावर ठेवला आणि अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाईल असं विचारलं, "बोल! उद्या यंत्राला हात लावायचा की नाही?"

त्यानं पाव चावता चावता पायाकडे पाहिलं.

"बूट घालून ये," तो म्हणाला.