खकाण्यातला जंतू

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय — कोण जाणे.

मी निपाणीकडची नर्स. त्या वर्षी आमच्या दवाखान्यात फ्लूची लस आली होती, तंबाखूच्या वखारीतल्या बायकांसाठी. डॉक्टर म्हणाले होते, "सिस्टर, ही नुसती सर्दीतापाची सुई समजू नका. ही तालीम आहे. उद्या मोठी साथ आली, तर ह्याच बायकांनी असाच विश्वासानं हात पुढं केला पाहिजे." मला पटलं होतं. लई पटलं होतं — म्हणून तर जास्त लाज वाटते.

वखारीत खकाणा उडत होता, तंबाखूची ती नाकात झोंबणारी धूळ. शांताक्का तिथं सगळ्यांत थोरली. तिचा शब्द बाकीच्या खाली पडू देत नसत. तीच पहिली आली, बाही वर सारून बसली. मग तिच्यामागं सगळ्या. मी लसीची पेटी उघडली — आणि आत बर्फच नव्हता. निघायच्या गडबडीत मीच घालायचा विसरले होते. बाटल्या हाताला कोमट लागल्या; ती लस आता टोचण्याजोगी राहिली नव्हती.

"चुकलं माझं, उद्या येते" — एवढंच तर म्हणायचं होतं. काय जड होतं त्यात? पण इतक्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मी हसले. म्हटलं, "आक्का, तुम्हाला कशाला हो सुई? ह्या खकाण्यात कुठला जंतू जगतोय?"

सगळी वखार हसली. बाह्या खाली आल्या. शांताक्का म्हणाली, "व्हय की. बाई म्हणत्यात ते खरं हाय."

आणि डॉक्टरांना काय सांगितलं मी? बायकाच नको म्हणाल्या. त्यांची मनधरणी करता करता बर्फ वितळला, लस वाया गेली. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी वखारीचं नावच काढलं नाही.

मग कोरोना आला. फ्लू नव्हे तो — पण सुई तशीच, पेटी तीच. लस आल्यावर मी पुन्हा वखारीत गेले, ह्या खेपेला बर्फ दोनदा बघून. एकीनंही बाही सारली नाही. मी हात जोडले. शांताक्का मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "अवो बाई, ह्या खकाण्यात कुठला जंतू जगतोय? तुम्हीच म्हणालासा न्हवं?"

तेव्हा तरी बोलायचं होतं. ते खोटं होतं, आक्का — मी बर्फ विसरले होते. पण "तवाचं वेगळं" असं काहीतरी पुटपुटले आणि पेटी उचलली.

पुढं तिला दम लागला, तर सगळ्या म्हणाल्या, खकाणा बाधला. दवाखान्यात आणेपर्यंत उशीर झाला होता.

तिची लेक माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "बाई, तुम्ही लई सांगून बघितलासा. आमची आईच हट्टी."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हट्टी नव्हती ती. पहिली बाही तिनंच वर सारली होती.