बाकांशिवाय चौक

आमच्या गावचा चौक कोकणात आहे, पण त्याचं नशीब भोईवाड्यातल्या एका चाळीच्या खोलीत ठरतं. तिथे आमच्या गावाचं मुंबई मंडळ भरतं. एके काळी गिरणीत कामाला आलेले बाप्ये या खोलीत पथाऱ्या टाकून राहायचे. आता त्यांची मुलं-नातवंडं रविवारी जमतात, चहा पितात आणि जिथे फक्त गणपतीला नि शिमग्याला जातात, त्या गावाचा विकास करतात.

मी लँडस्केप आर्किटेक्चर शिकवते, हेच मला भोवलं. "चौक सुधारायचाय, तुझ्या पोरांकडून डिझाइन करून घे," असं मंडळाने फर्मावलं आणि मी हौसेने हो म्हटलं.

विद्यार्थी गावात राहून आले आणि ज्याच्या त्याच्या आराखड्यात ॲम्फीथिएटर! "अरे, तिथे बसून बघायचं काय?" मी विचारलं. "मॅम, कम्युनिटी," एकाने सांगितलं. मी कपाळावर हात मारला. दुसऱ्याने कारंजं काढलं होतं. त्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो.

एकीनेच डोकं चालवलं. ती पिंपळाच्या पारावर बसून लोकांशी बोलली होती. शिमग्यात देवीची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात ती याच मोकळ्या जागेत, हे तिला कळलं होतं. म्हणून तिने चौक मोकळाच ठेवला. पार दुरुस्त केला, गटार झाकलं, कडेला सावलीची झाडं लावली. बस्स. मला तिचा अभिमान वाटला. हाच आराखडा पास झाला पाहिजे, नाहीतर पालखीला नाचायला जागा उरणार नाही, एवढं एकच डोक्यात घेऊन मी तिच्यासोबत भोईवाड्यात गेले.

सेक्रेटरीकाकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "झकास आहे. पण बाकडी कुठायत?"

"काका, लोक पारावर बसतात ना," ती म्हणाली.

"ते ठीक गं. पण मग नावं कुठं टाकायची?"

आमच्याकडे देणगी द्यायची म्हणजे बाक द्यायचं आणि त्याच्या पाठीवर 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ' असं रंगवून घ्यायचं. एसटी स्टँडवर, शाळेत, अगदी स्मशानातसुद्धा बसायला माणसं कमी आणि बाकं जास्त. मग जो गलका उठला! कुणाला वडिलांचं बाक देवळासमोर हवं, कुणाला आजोबांचं त्याच्याही पुढे. "पालखी काय बाकांवरून उड्या मारत जाणार?" मी ओरडले.

"पालखी घेऊ गं ॲडजस्ट करून," काका म्हणाले. मुंबईत राहून राहून यांनी देवीलाही लोकलमधली चौथी सीट दिली.

शेवटी मी बाबांकडे वळले. मंडळात ते सगळ्यांत जुने, जन्मभर पालखीला खांदा दिलेले. त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही.

"बाबा, तुम्ही तरी सांगा."

"एक बाक तुझ्या आयशीच्या नावाचं टाकूया," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "आई कधी बाकावर बसली होती का हो?"

"नाय बसली. लालबागच्या आपल्या खोलीत राबण्यात जन्म गेला तिचा. बसायला वेळ कधी गावला तिला?"

मला रडू आलं, आणि या सगळ्यांसमोर आलं याचा भयंकर राग आला. पोरगी पेन्सिल धरून माझ्याकडे बघत होती.

"काढ एक," मी म्हटलं.

मग बाकीच्यांचीही काढावी लागली.