मृत्युंजयचा मागं गेलेला गुडघा

निलंग्यात मृत्युंजय मठपती नावाचा योगशिक्षक आहे. त्याचे सांधे जन्मापासून सैल. शाळेत असताना हाताचा अंगठा वाकवून मनगटाला टेकवायचा आणि त्या पैजेवर पोरांची बोरं खायचा. मोठेपणी त्याच करामतीवर वर्ग काढला.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. कंबर धरली म्हणून त्याच्या वर्गाला गेले. स्वारी वृक्षासनात एका पायावर उभी राहिली आणि बाया हात जोडून बघत बसल्या. मी त्याचा गुडघा बघितला. धनुकलीसारखा मागं गेलेला. मांडी झोपलेली, सगळा भार सांध्यावर.

"मृत्युंजय, मांडी वर ओढून धर. गुडघा मागं रेटू नकोस."

"मॅडम, योगात जोर लावायचा नसतो. अंग सोडून द्यायचं."

"अंग सोडायला घरी पलंग आहे की."

शेजारच्या सरजाबाई फणकारल्या, "तुमाला वाकता येईना म्हणून बोलून राहिल्या."

त्याचा तोच गुडघा दुखत होता. जिना उतरताना कठडा धरायचा. विचारलं तर म्हणे, गार वाऱ्यानं धरलाय. भर वैशाखात, निलंग्यात, गार वारा.

अशात लातूरच्या एका निवासी शाळेत योगशिक्षकाची कायमची जागा निघाली. ती मिळाली की वडिलांच्या दुकानातली खताची पोती उचलणं सुटणार, म्हणून पठ्ठ्यानं जीव टाकला. मी म्हटलं, "रोज आरशापुढं नुसता सरळ उभा राहा. गुडघा किंचित ढिला, मांडी आवळलेली."

"ते नवशिक्यांचं हाय, मॅडम," म्हणाला, आणि पाय मानेमागं घालायचा सराव करत बसला.

मुलाखतीत त्यानं तो घातलाही. परीक्षक बाईंनी काढायला लावला. म्हणाल्या, वृक्षासन करा, गुडघा मागं जाऊ देऊ नका आणि उभ्या उभ्या मुलांना सूचना द्या. याची मांडी लटलट कापायला लागली. "मुलांनो, श्वास" एवढं म्हणाला आणि पाय टेकला. जागा उदगीरहून आलेल्या रामलिंग नावाच्या उमेदवाराला मिळाली.

"वाकला तर त्याची बोटं जमिनीला लागत न्हाईत, मॅडम," परत आल्यावर मला सांगत होता.

"उभा राहिला का?"

"हाव. राहिला."

दुसऱ्या दिवशी वर्गात आमच्या मृत्युंजय गुरुमहाराजांचा आवाज गंभीर झालेला. वृक्षासनात उभे राहून म्हणाले, "आसनात मांडीचे स्नायू जागे पाहिजेत. साधनेत मला हे उमगलं." सरजाबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "ऐका जरा."

मी उठले आणि चष्म्याच्या डबीनं त्याच्या मांडीवर टोचलं. भिजवलेली कणीक.

"आधी ही उठव. मग आमच्या उठव."

त्यानं खाली बघितलं. गुडघा मागंच गेलेला होता. हळूच पुढं घेतला, मांडी आवळली, आणि सगळ्या वर्गादेखत पाय कापू लागला. या वेळी मात्र त्यानं दुसरा पाय टेकला नाही. घामाघूम होऊन उभा राहिला.

बायांचा विरस झाला. त्यांना वाकणारा गुरू हवा होता, कापणारा नव्हे. दुसऱ्या दिवशी सरजाबाईंसकट निम्म्या बाया आल्याच नाहीत. जागा मोकळी झाली. आम्ही दोघं भिंतीपाशी सरळ उभं राहायला शिकत होतो.